दिवे तपासले नाहीत

तात्यासाहेबांनी पास केलेली मशीन परत येत नाही, अशी उस्मानपुऱ्यात ख्याती होती, आणि ती पसरवण्यात खुद्द तात्यासाहेबांचा वाटा थोडाथोडका नव्हता. न्हाव्याकडं, पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुणी कॉम्प्युटरचं नाव काढायचा अवकाश, की ते मान जराशी मागं घेऊन म्हणायचे, "आमच्याकडं चार फेऱ्या झाल्याबिगर मशीन उंबरा ओलांडत नाय."

आमच्याकडं म्हणजे तनुजाच्या दुकानात. तनुजा त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. पिशोर गावाहून डिप्लोमा करायला शहरात आली ती तात्यासाहेबांच्याच घरी राहिली, आणि आता छत्तिसाव्या वर्षी तिचं स्वतःचं दुकान होतं. आर्किटेक्ट, व्हिडिओ एडिटिंग करणारे, गेमचं वेड लागलेले, अशांना हव्या तशा तगड्या मशीन ती जुळवून द्यायची. तात्यासाहेब वाळूजच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घरातली एकेक वस्तू तपासायला घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोनंच, सरूबाईंनी, तनुजाला फोन लावला. "तुझ्या तात्यांना कुठंतरी बसव बाई. कालपास्नं माझ्या भाकरीची जाडी मोजायलेत."

तनुजानं त्यांना रॅम तपासायला बसवलं, आणि माणसाला त्याची जागा सापडली. रॅम म्हणजे मशीनची काम करतानाची आठवण. मदरबोर्डवर उभ्या खोचलेल्या वीतभर पट्ट्या. त्यांचा वेग वाढवला की त्या कधीमधी चुकतात, आणि चुकतात त्याही चांगल्या तापल्यावर. पेनड्राइव्हवरचा एक प्रोग्राम त्यांच्या घराघरात काहीबाही लिहून ठेवतो आणि परत वाचून बघतो. लिहिलं तेच निघालं तर ठीक, नाही तर पडद्यावर लाल एरर. बाकीचे लोक मशीन उघडी ठेवून एक फेरी मारतात आणि हात झटकतात. तात्यासाहेब काचेचं दार लावून, घाम फुटेल इतकी मशीन तापू देऊन, चार फेऱ्या करायचे. सकाळी लावलेली टेस्ट संध्याकाळी संपायची, आणि तेवढा वेळ हे समोर खुर्ची टाकून बसलेले.

मग वही. कारखान्याच्या रजिस्टरसारखीच तिची शिस्त होती. तारीख, वेग, तापमान, फेऱ्या, सही. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलंच तर एक आडवी रेघ, आधीचं अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी पुन्हा सही. त्या पानाची झेरॉक्स तनुजा मशीनच्या दाराला आतून चिकटवायची. गिऱ्हाइकं वॉरंटी कार्ड नंतर बघायची, आधी विचारायची, "तात्यांचं पान लावलंय ना?"

तनुजाला काकांचं फार कौतुक. एकच जुनी कुरबुर होती. ती चौथीत असताना गॅदरिंगच्या नाचाला सगळ्या मुलींना लाल रिबिनी सांगितल्या होत्या. पिशोरच्या बाजारात मिळेनात म्हणून तिनं तात्यांना पोस्टकार्ड टाकलं. तात्या शनिवारी आले ते हिरवी रिबीन घेऊन, तीही शेवाळासारखी गडद. बाईंनी तिला नाचात मागच्या रांगेत ढकललं. "कामाच्या गडबडीत इसरलो गं," असं तात्या तेव्हा म्हणाले होते. आजही ते दुसराच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले की ती हसून म्हणायची, "तात्यांना सांगायचं काय आणि ते आणणार काय!" हसायची खरी, पण त्या हसण्याला जरा धार असायची.

गेल्या दिवाळीपासून गिऱ्हाइकांना रॅमवर दिवे हवेसे झाले. पट्टीच्या माथ्यावर दुधी काच, आत बारीक दिवे, म्हणाल तो रंग. आठवणीचा आणि रोषणाईचा संबंध काय, हे तात्यासाहेबांना कळलं नाही, पण गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. तनुजानं वहीची नवी पानं छापून आणली आणि त्यात एक ओळ वाढवली. दिवे: चारही पट्ट्या एकसारख्या. तपासायची रीत सोपी होती. आधी चारही लाल करायच्या, मग हिरव्या, मग निळ्या, शेवटी पांढऱ्या. पांढरा सगळ्यात खोडील, कारण तो तिन्ही दिवे मिळून होतो. एकात जरी कमीजास्त असलं की पट्टी लगेच वेगळी दिसते.

वेगळी दिसते ती इतरांना. तात्यासाहेबांना लाल रंग दिसत नव्हता, जन्मापासून.

लाल त्यांच्या लेखी एक मळकट अंधार होता, आणि गडद हिरवाही तसलाच. लहानपणी मिरच्या तोडायला लावलं की पिकलेल्या न् कच्च्या एकाच टोपलीत टाकायचे आणि धपाटे खायचे. पोराचं लक्ष नाही, असं घरादाराचं मत झालं. शहाऐंशी साली वाळूजला नोकरीसाठी डॉक्टरी तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांकडं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक होतं. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. त्यांच्या आधी आत गेलेला उमेदवार राजकुमार दाराआड मोठ्यानं वाचत होता: बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. तात्यासाहेबांनी ते बाहेर बाकावर बसून पाठ केलं, आत जाऊन घडाघडा म्हणून दाखवलं आणि इन्स्पेक्शनला लागले. तिथं मायक्रोमीटर न् गेजचं काम, रंगाशी कधी गाठ पडली नाही. कुणाचं काही बिघडलं नाही, असं ते स्वतःला सांगत आले.

हे माहीत होतं एकट्या सरूबाईंना. त्यांचे शर्ट त्याच आणायच्या, टोमॅटो त्याच निवडायच्या, आणि लोकांत "यांना कपड्यालत्त्याची हौसच नाय" म्हणून सांभाळून घ्यायच्या.

नवं पान हातात आलं त्या दिवशी तात्यासाहेबांनी तोंड उघडलं होतं. पण समोर गिऱ्हाईक बसलेलं, आणि तनुजा त्याला सांगत होती, "दिवेसुद्धा तात्या बघणार, म्हणजे काळजी नको." उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं आणि मनाशी एक नियम केला. पट्टी पेटली की पास. तेव्हापासून एकवीस मशीन गेल्या आणि नशिबानं एकही बोंब आली नाही.

एप्रिलात शंतनू नावाच्या एका आर्किटेक्टची मशीन आली. ऑफिसात गिऱ्हाइकांपुढं काचेआड ठेवायची होती. त्याचं एकच मागणं होतं, "मला ते इंद्रधनुष्य नकोय. शांत पांढरा उजेड, बस." मशीन सोनियानं जुळवली. सोनिया सत्तावीस वर्षांची, वाळूजहून स्कूटीवर यायची. सहा महिने प्रिंटर दुरुस्त केल्यावर ही तिची स्वतःच्या हातानं जुळवलेली पहिली मोठी मशीन. केबली तिनं अशा ओवल्या होत्या की तात्यासाहेबही म्हणाले, "आमच्या टूलरूमात शोभली असती तू."

पहिल्या संचातल्या चार पट्ट्यांनी तिसऱ्या फेरीत एक एरर दिला. एकच. दुसऱ्या कुणी डोळेझाक केली असती. तात्यासाहेबांनी संचच परत पाठवला. नवा आला, त्याच्या चारही फेऱ्या निर्मळ गेल्या. मग दिवे लावले. लाल मळकट दिसला, तसा तो त्यांना नेहमीच दिसायचा. हिरवा पेटला, निळा पेटला, पांढरा पेटला. त्यांनी लिहिलं, दिवे: चारही एकसारख्या. पास. खाली झोकदार सही. सोनिया तेव्हा बिल छापायला बाहेरच्या खोलीत होती. दुसऱ्या दिवशी ती मशीन पोचवून आली.

त्याच्या पुढच्या सकाळी शंतनूचा फोन आला. माणूस भला होता. "घाई नाही, पण तिसरी पट्टी हिरवट दिसतेय हो. आल्या-गेल्याचं नेमकं तिथंच लक्ष जातं." सोनिया जाऊन मशीन घेऊन आली. तनुजानं ती टेबलावर ठेवून चालू केली. तीन पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या, एक हिरवट-निळसर. मग सगळ्या लाल केल्या तर तीच पट्टी मंद. तिच्यातला लाल दिवाच अशक्त होता. शाळेतल्या पोराला दिसलं असतं.

तनुजानं दारावरचं पान वाचलं आणि मान वर केली. "सोनिया, तिथं पट्ट्या काढल्या होत्यास का तू?"

"हां ताई. मशीन चालूच होईना, स्पीडब्रेकरवर हादरली असंल. मंग चारही काढून परत बसवल्या. पडदा आला तशी निघाले, दिव्यांकडं बघितलंच नाय." सोनियाचा आवाज बारीक झाला. "हळूच बसवल्या, ताई."

"अगं, पण इथनं नीट गेली होती. हे बघ, तात्यांची सही आहे." तनुजा वळली. "तात्या, चारही सारख्याच होत्या ना?"

तात्यासाहेबांनी मशीनकडं पाहिलं. चार पट्ट्या पेटल्या होत्या. त्यांना त्या चारही सारख्याच दिसत होत्या, आत्तासुद्धा.

"व्हय," ते म्हणाले.

तनुजा ओरडणाऱ्यातली नव्हती. ती म्हणाली, "असू दे, होतं असं. नवी पट्टी मागवू. पण सोनिया, मोठ्या मशीनला थोडे दिवस थांबू या. तू प्रिंटर बघ. हात बसला की परत घेऊ." सोनियानं मान हलवली. वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं तात्यासाहेबांना वाटलं. तिनं उलट स्वतःच्या बोटांकडं बघितलं आणि म्हणाली, "काढताना माझाच अंगठा दाबला असंल काचेवर. मला कळलं नाय." जे झालंच नव्हतं ते तिला आठवायला लागलं होतं. ती आतल्या खोलीत जाऊन एका प्रिंटरचं झाकण उघडून बसली.

दुपारी तात्यासाहेब जेवायला घरी गेले. घर दोन गल्ल्या पलीकडं. सरूबाईंनी पिठलं वाढलं, ठेचा वाढला, आणि यांचा हात ताटावरून फिरतच नाही हे पाहून विचारलं, "काय झालंय?"

त्यांनी सगळं सांगितलं. बोलायला लागल्यावर काही लपवता येईना.

"मंग सांगा की तनुजाला."

"काय सांगू? इन्स्पेक्टरला दिसत नाय म्हणून सांगू? समदं दुकान त्या पानावर चाललंय, सरू. उद्या लोक म्हणतील, आंधळ्याची सही लावत होते. मंग मी तिथं बसून काय करू? परत तुझ्या भाकरी मोजू?"

सरूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तांब्या पुढं सरकवला. "चाळीस वर्सं मी तुमचं झाकलं. माझा नवरा, म्हणून झाकलं. पर त्या पोरीनं का झाकावं? ती तुमची कोण लागती?"

 तात्यासाहेबांनी भाकरी संपवली, कारण ताटात टाकलेलं सरूबाईंना चालत नसे, आणि वामकुक्षी न घेता ते उन्हातच परत निघाले. रिटायर झाल्यापासून दुपारी न झोपता ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले असतील. डोकं तापलं होतं. शाळेत मार खायला उभं राहिल्यासारखी त्यांना भीती वाटत होती.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शंतनूची मशीन टेबलावर तशीच होती. तात्यासाहेबांनी सोनियाला आतून हाक मारली.

"मशीन बंद कर. पट्ट्या काढ न् त्यांच्या जागा बदल. मी तिकडं तोंड करतो. बसवून झाल्या की पांढरा लाव."

"मी?" सोनियानं तनुजाकडं पाहिलं. "मला नका सांगू, तात्या."

"तूच. तुझ्याच हातानं."

तनुजाला वाटलं, तात्यांनी नवी टेस्ट काढली. तिनं मानेनं हो म्हटलं. सोनियानं पट्ट्या काढल्या, बसवल्या, मशीन चालू केली. तात्यासाहेब वळले, चष्मा पुसला, वाकले.

"आता मला इचार, यातली खराब कोणती."

"कोणती, तात्या?"

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पहिल्या पट्टीवर बोट ठेवलं. हिरवट पट्टी चौथी होती.

"मस्करी नका करू, तात्या," तनुजा म्हणाली.

"परत बदल."

सोनियानं परत बदलल्या. या वेळी तात्यासाहेबांनी तिसरी सांगितली. हिरवट दुसरी होती. तात्यासाहेबांनी चष्मा काढून हातात घेतला. 

"मला लाल दिसत नाय, तनुजा," तात्यासाहेब म्हणाले. "कधीच दिसला नाय. ही पट्टी आली तीच अशी. सोनियाचा काय बी संबंध नाय. मी बघितलंच नव्हतं, नुसती सही ठोकली. सकाळी तू इचारलंस तवा बी खोटं बोललो."

मग त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक सांगितलं, राजकुमार सांगितला, बारा-आठ-सहा सांगितलं. तनुजाचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग तापला. हा बदल मात्र तात्यासाहेबांना रंगाशिवायही कळला.

"दिवाळीपासून, तात्या? किती मशीन गेल्या अशा?"

"एकवीस. ही बाविसावी."

"मी लोकांना छातीठोक सांगत होते!"

"म्हायती हाय. एकेकाला मीच फोन करतो. दिवे बघा म्हणतो, का तेही सांगतो."

तनुजा स्टुलावर बसली. तिला राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही. टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून उगाच दुसऱ्या जागी आपटला. सोनिया मात्र अजून आपल्या अंगठ्याकडं बघत होती. "म्हंजी माझा हात नव्हता," ती हळूच म्हणाली, आणि मग जरा मोठ्यानं, "ताई, माझा हात नव्हता!" आणि तिनं तोंडावर ओढणी घेतली. ती रडते की हसते ते तात्यासाहेबांना कळेना. ते तिच्यासमोर उभे राहिले. "सोनिया, चुकलं माझं." बासष्ट वर्षांच्या माणसानं सत्तावीस वर्षांच्या पोरीपुढं हात जोडले, तेव्हा तिनं ते घाईनं धरून खाली केले.

मग तात्यासाहेब आपल्या खुर्चीत बसले, वही उघडली आणि शंतनूचं पान काढलं. दिवे: चारही एकसारख्या. पास. त्या ओळीवरून फूटपट्टी धरून त्यांनी एक आडवी रेघ मारली, आधीचं अक्षर वाचता येईल अशी. खाली लिहिलं, दिवे तपासले नाहीत. मला लाल दिसत नाही. शेजारी तारीख घालून सही केली. सही नेहमीसारखी झोकदार आली नाही, जरा वाकडी आली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हे कुठं लिहिलं होतं. मग ते मागं जाऊन दिवाळीपर्यंतची पानं काढायला लागले आणि एकेका पानावर तेच लिहू लागले.

तनुजा बघत होती. पाच-सहा पानं झाल्यावर ती उठली आणि कोरं पान घेऊन पेननं मधोमध एक उभी रेघ ओढली. एका बाजूला लिहिलं, फेऱ्या: तात्या. दुसऱ्या बाजूला, दिवे: सोनिया.

"म्हंजी मी बसू इथं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"तिसऱ्या फेरीतला एक एरर दुसरं कोण पकडणार होतं?" ती अजून घुश्शातच होती. "बसा गपचूप. आणि फोन आजपासूनच लावायचे."

ती चहा टाकायला आत निघाली, आणि पडद्यापाशी थांबली. पाठमोरीच उभी राहिली.

"तात्या, ती रिबीन?"

तात्यासाहेबांनी पेन खाली ठेवलं. "गुलमंडीच्या बाजारात घेतली. दोन थप्प्या व्हत्या समोर. मला लालच वाटली. दुकानदाराला इचारायची लाज वाटली."

"मग इसरलो का म्हणालात?"

"ते म्हणणं सोपं व्हतं. इसरलो नव्हतो, पोरी. तुझं पोस्टकार्ड शर्टाच्या खिशात घालून चार दुकानं फिरलो. लाल या शब्दाखाली तू दोन रेघा मारल्या व्हत्यास."

तनुजा वळली. सत्तावीस वर्षं ती जो आपलं सांगणं विसरला असं धरून चालली होती, तो माणूस तिच्यासमोर वही घेऊन बसला होता.  ती परत आली, त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली, आणि वहीतलं पुढचं पान त्यांच्यासमोर धरलं.